तिसरी पोळी

"बुवा, दोन पोळ्यांवर थांबलात तर गाव म्हणेल, यजमानाचाच हात आखडला," म्हणत दाजीसाहेबांनी तिसरी पुरणपोळी पुढे केली. नीळकंठबुवांच्या कीर्तनाइतकीच त्यांच्या जेवणाचीही उत्सवात ख्याती होती.

बुवांनी पानावर हात आडवा धरला. गेल्या वर्षी ऐन आख्यानात त्यांना धाप लागली आणि कीर्तन खुर्चीत बसून संपवावं लागलं. नारदाच्या गादीवर उभ्यानंच गायचं असतं. तिथं बसावं लागल्याची लाज त्यांना डॉक्टरांनी सांगितलेल्या रक्तदाबापेक्षा जास्त झोंबली. तेव्हापासून रोज चालून, जेवण आवरून त्यांनी चौदा किलो उतरवले होते.

"पोळी नाकारणं म्हणजे प्रसादाचा अपमान. पुढच्या वर्षी दुसरे बुवा बघू," दाजीसाहेब कडाडले.

"खुशाल बघा," बुवा म्हणाले. "प्रसाद पहिल्या घासालाच पावला. पुढचा हट्ट तुमचा, देवाचा नव्हे."

संध्याकाळी बुवा अडीच तास उभ्यानं गायले. शेवटी त्यांना हार घालायला देवळाच्या पाच पायऱ्या चढून आलेले दाजीसाहेबच धापा टाकत होते.

बुवांनी त्यांचा दंड धरला. "सकाळी माझ्याबरोबर ओढ्यापर्यंत चालायचं. नाही म्हणालात, तर पुढच्या वर्षी मीच येणार नाही."