पोतंभर नमुना

"आता इथे सही, मावशी. झालंच मग."

मावशीने पेन मुठीत धरलं आणि एकेक अक्षर कोरत आपलं नाव लिहिलं. तिला घाई नव्हती. दोन एकर जमीन परत करायची, तर एवढा वेळ लागायचाच. टेबलापलीकडे साहेब शिक्का हातात धरून थांबले होते.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. नदीपलीकडच्या वस्तीला आजवर कुठल्याच योजनेत कुणी धरलं नव्हतं. त्यांची बोली वेगळी, आणि कागदपत्रांच्या नावाने तर आनंदीआनंद. म्हणून त्यांच्यासाठी खास हे मदत केंद्र निघालं आणि साहेबांची तिथे नेमणूक झाली. वस्तीला जमिनी वाटल्या गेल्या. बाकीच्यांना चढावरच्या मिळाल्या, मावशीच्या वाट्याला आटलेल्या तळ्याचा तळ आला. तो दुसऱ्या कुणालाच नको होता. अट एकच होती. तीन वर्षांत पेरा दिसला पाहिजे, नाहीतर जमीन परत.

"तीन वर्षांत पेरलं का नाहीत हो?" साहेबांनी विचारलं. कागदावर 'कारण' असा एक रकाना होता, तो भरायचा म्हणून विचारलं.

मावशीने चमकून वर पाहिलं. "तुम्हीच सांगितलं होतं ना? मातीचा रिपोर्ट आल्याशिवाय बी टाकू नका म्हणून."

सांगितलं होतं खरं. पहिल्याच सभेत, माइकवरून. ते वाक्य साहेब सगळ्याच सभांत म्हणत, आणि त्याला टाळ्याही पडत. ते कुणी इतकं मनावर घेईल असं त्यांना वाटलं नव्हतं. मावशीने मात्र साहेबांचा शब्द खाली पडू दिला नाही. मुलाने दोनदा नांगर जोडला, दोनदा तिने तो सोडायला लावला. घरात भांडणं झाली. शेवटी गेल्या महिन्यात मुलगा आणि सून दोन्ही नातींना घेऊन शहरात बांधकामावर गेली. आता घरात ती एकटीच होती.

"रिपोर्ट आला का पण?" तिने विचारलं.

"आला असता तर कळवलं नसतं का?" साहेब सवयीने म्हणाले.

"मग माती वाईटच असणार. वाईट बातमी कळवायची म्हणजे तुमच्याही जिवावर आलं असेल." ती उलट त्यांचीच समजूत काढत होती.

साहेबांनी रकान्यात लिहिलं, 'लाभार्थी अनुत्सुक', आणि शिक्का मारला.

एरवी ते कुणासाठी खुर्चीतून उठत नसत. आज का कोण जाणे, मावशीला सोडायला व्हरांड्यापर्यंत आले. तिथे ओळीने आठ कुंड्या होत्या, आणि त्यांतल्या आठही जास्वंदी अशा फुलल्या होत्या की तपासणीला आलेले वरिष्ठसुद्धा फाइल सोडून आधी त्यांच्याकडे बघत. केंद्राने इतक्या वर्षांत नाव काढलं असेल तर ते या फुलांसाठीच. शिपाई झारीने पाणी घालत होता.

"काय फुललीय हो!" मावशी सगळं विसरून म्हणाली.

"खत नाही की काही नाही," शिपायाने छाती फुगवली. "नुसतं पाणी. फांदी खोचायचा अवकाश, लगेच धरते."

मावशी कुंडीपाशी उकिडवी बसली. चिमूटभर माती घेऊन तिने ती बोटांत चुरली. राखाडी माती. तिच्यात तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे शंख. तळ्याच्या तळात असतात तसले. तिच्या नाती त्यांच्या माळा करत.

त्याच क्षणी साहेबांना ते पोतं आठवलं. त्यांनी सभेत मूठभर माती मागितली होती. मावशी डोक्यावर पोतं घेऊन चालत आली होती. "कमी पडली आणि तुमचं काम अडलं तर?" असं म्हणाली होती, आणि सगळं ऑफिस हसलं होतं. साहेबही हसले होते. ती गेल्यावर कारकुनाच्या लक्षात आलं, सोबत फॉर्म नाही. "फॉर्म आला की पाठवू," साहेब म्हणाले. फॉर्म लागतो हे मावशीला कळवायचं मात्र कुणाला सुचलं नाही. साहेबांनी स्वतः भरला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. पोतं चार महिने पॅसेजमध्ये पडून राहिलं, येणारा-जाणारा त्याला ठेचकाळत राहिला. मग एक दिवस साहेबच वैतागून शिपायाला म्हणाले होते, "काढ रे ते इथून. कुंड्या तरी भर."

तेव्हापासून रोज संध्याकाळचा चहा ते याच फुलांशेजारी उभं राहून घेत.

"मावशी, तो कागद..." ते बोलायला गेले आणि अडखळले. कागद एक वेळ फाडता आला असता. पण पेरायचं कुणी? पेरणारे हात शहरात विटा वाहत होते.

मावशीने बोटांत राहिलेला शंख पुन्हा कुंडीत ठेवला. हाताची माती वाया जाऊ नये म्हणून तीही तिथेच झटकली. ती उठली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर साहेबांना बरं वाटलं असतं. तो कुठेच नव्हता. बशीएवढ्या एका फुलाला तिने हलकेच हात लावला.

"रिपोर्ट आला की, साहेब," ती म्हणाली. "चांगला आलाय."