दिनूमामाचे पाय

"मांडीची हाडं ना? दोन्ही?" गुरुजींनी विचारलं.

केतकीने मान हलवली.

"मग मांड्या बुडेपर्यंतच उतर. मंत्र संपले की बाहेर ये. सकाळपासूनची तू चौथी."

कृष्णेच्या घाटावर तिच्याच वयाची पोरं रांगेत उभी होती. कुणाच्या अंगात आजोबांचा खुबा होता, कुणाच्या अंगात काकूचा मणका. अस्थिविसर्जन हल्ली असंच व्हायचं.

लहानपणापासून केतकीला जेवताना दुधाऐवजी कोल्ड्रिंक लागायचं. एकोणिसाव्या वर्षी स्कूटरवरून नुसती उतरली आणि मांडीचं हाड मोडलं. दुसरंही टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्याच आठवड्यात दिनूमामा गेला. "मला सगळाच्या सगळा कृष्णेत सोड," असं त्याने बहिणीला बजावलं होतं. तरीही केतकीच्या आईने त्याच्या मांडीची हाडं काढून केतकीला बसवायच्या कागदावर सही केली होती.

मंत्र संपले. केतकी वळायला गेली, पण पाय वळले नाहीत. मामा चालायचा तसे, लांब ढांगा टाकत, ते पुढे निघाले. पाणी कमरेला लागलं, मग छातीला.

"केतकी, मागे फिर!" काठावरून आई ओरडली.

"आई, मी नाही चालत, पायच चाललेत!"

आईने लेकीला हाका मारणं सोडलं.

"दादा, तिला पोहता येत नाही रे! सही मी केली, तिचा काय दोष? तिला जगून घेऊ दे. मग तुझं तू घेऊन जा!"

पाय थांबले. पण मागे वळले नाहीत. केतकीने किती जोर लावला, तरी ते पाण्याखाली विचार करत उभेच राहिले.