खालचं बटण

पहिला घाव भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर बसला, दुसरा हर्षलच्या उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज सगळ्या ऑफिसने ऐकला.

सातपूरच्या त्या कंपनीत फवारणीची औषधं बनत. हर्षल तिथला साहेब. मारणारा देवराम, सुरगाण्याकडचा, दिंडोरीला द्राक्षबागेत मजुरी करणारा. हातात बागेतलाच लोखंडी अँगल. काल फवारणी करताना त्याचा धाकटा भाऊ नवसू कोसळला होता. आज पहाटे तो गेला.

"ह्ये कोणी केलं?" देवरामने मोबाइल पुढे धरला. फवारणीच्या औषधांच्या दुकानदाराकडून हिसकावून आणलेला. पडद्यावर द्राक्षांचा हिरवागार घोस, औषधाचं नाव, किंमत, पंपाला किती टाकायचं ते. "यात कुठं लिव्हलंय, माणूस मरतो म्हणून?"

त्याने अँगल पुन्हा उचलला. हर्षल खाली पडल्या पडल्या ओरडला, "आहे त्यात! सगळं आहे! खालचं बटण दाबा!"

"कुठलं?"

"मी दाखवते," योगिनी म्हणाली.

कंपनीच्या साडेचारशे औषधांची माहिती एका जागी आणून दुकानदारांच्या मोबाइलवर दाखवणारी सगळी पानं योगिनीने तयार केली होती. धोक्याची सूचना आधी तिने वरच ठेवली होती, लाल चौकटीत. 'लाल दिसलं की लोक माल उचलत नाहीत,' हर्षल म्हणाला, आणि तिने ती खालच्या बटणामागे हलवली. पाच मिनिटांचं काम.

ती देवरामच्या अगदी जवळ गेली. त्याच्या शर्टाला औषधाचा उग्र वास होता. तिने बटण दाबलं. बारीक, करड्या अक्षरांचा मजकूर उघडला.

"वाच."

"हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय फवारू नये..."

तेवढ्यात दोन वॉचमन मागून त्याच्यावर तुटून पडले. अँगल खणकन खाली पडला. एकाने त्याचा गळा आवळला, दुसऱ्याने तोंडावर काठी हाणली. ओठ फाटला. देवरामने हात उचलला नाही.

"पुढं वाच, बाई."

"सोडा त्याला!" योगिनी किंचाळली. काठी पुन्हा बसली. तो गुडघ्यांवर आला, तरी नजर तिच्यावरच.

तिने मोबाइल दोन्ही हातांत घट्ट धरला. "दरदरून घाम, चक्कर, तोंडाला फेस दिसल्यास विषबाधा समजावी. ताबडतोब दवाखान्यात न्यावे. वेळेत नेल्यास..." तिला पुढचं वाचवेना.

"वेळेत नेल्यास काय?"

"रुग्ण वाचतो."

काठी थांबली. देवरामने तोंडातलं रक्त फरशीवर थुंकलं.

"आमाला वाटलं, ऊन लागलं," तो म्हणाला. "सांजपोतर सावलीत निजवला व्हता त्याला. मीच वारा घालत बसलो."