पुराव्याची गोळी

"हात स्थिर ठेवा," नर्स म्हणाली.

सर ठेवतच होते. हात ऐकत नव्हता. कपाळावरून घाम ओघळत होता आणि छाती अशी धडधडत होती की शर्टाचं बटण उडताना त्यांच्या मुलीला दारातूनही दिसत होतं. दंडाला बांधलेल्या पट्ट्याचा आकडा नर्सने पाहिला, पुन्हा पाहिला, आणि ती डॉक्टरांना बोलवायला गेली.

सर शाळेत कवायतीचे मास्तर होते. निवृत्त झाले तरी गल्ली त्यांना 'सावधान सर'च म्हणायची. आपल्याला आयुष्यात कधी साधी डोकेदुखीही झाली नाही, असं ते स्वतः सांगत. मुलगी चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. फ्रेमच्या मापाला काच बसवताना मन जरा भरकटलं की काच वाया. तिच्या पुष्कळ वाया गेल्या होत्या. शेवटी ती डॉक्टरकडे गेली आणि लक्ष टिकावं म्हणून तिला गोळी सुरू झाली. काचा वाचायला लागल्या. दुकानाचा मालक खूश झाला. सर झाले नाहीत.

"लक्ष लागत नाही म्हणजे काय? लक्ष लावावं लागतं."

हे ती पहिलीत असल्यापासून ऐकत आली होती. जेवताना ऐकलं होतं, अभ्यास करताना ऐकलं होतं, आणि सगळ्या शाळेसमोर मैदानावर एकटीने उभं राहून ऐकलं होतं.

अलीकडे तिच्या डबीतल्या गोळ्या लवकर संपत होत्या. तिला स्वतःचाच संशय आला. घेतलेली गोळी विसरून पुन्हा घेणं तिच्या स्वभावाला धरूनच होतं. त्याच दिवसांत सरांनी माळा झाडला, घरातल्या सगळ्या खिडक्या पुसल्या आणि मग शेजाऱ्यांच्या खिडक्यांकडे मोर्चा वळवला. बाबांना या वयात हुरूप आलाय, म्हणून तिला बरंच वाटलं होतं. आज दुपारी शेजारणीचा फोन आला. "अगं, तुझे बाबा आमच्या स्टुलावर बसलेत, आणि त्यांना उठता येत नाहीये."

डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, घाईत होत्या.

"काका, कोणती औषधं चालू आहेत?"

"एकही नाही."

मुलगी बापाच्या थरथरत्या हाताकडे बघत होती. खिडक्या आणि डबी एकदमच तिच्या डोक्यात जुळल्या.

"बाबा, माझ्या गोळ्या?"

सरांनी छताकडे पाहिलं. हो म्हणायची त्यांची तीच पद्धत होती.

मुलीने गोळीचं नाव सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सरांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी ठोकली. पाय टाणकन उडाला.

"एवढ्यानं एवढं व्हायचं नाही. आणखी काहीतरी चालू आहे. काका, मला आता औषध द्यायचंय. पोटात आधीच काय आहे ते कळल्याशिवाय मी द्यायचं काय?"

"हिला बाहेर पाठवा," सर म्हणाले.

"मी जाणार नाही," मुलगी म्हणाली.

मग हजेरी घ्यावी तसं सरांनी खणखणीत आवाजात एका गोळीचं नाव घेतलं. ती नैराश्यावरची होती.

"कधीपासून?"

"हिची आई होती तेव्हापासून. आणायची तीच. आता मी आणतो. लांबच्या दुकानातून."

"या दोन गोळ्या आम्ही एकत्र देतोसुद्धा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण दोन्ही ठाऊक असताना, थोड्यापासून सुरू करून, रक्तदाबावर नजर ठेवून. तुम्ही एक लपवलीत आणि दुसरी चोरलीत. हिची गोळी तुम्ही घेणं आजपासून बंद. तुमची मात्र मनानं सोडायची नाही, तिचं काय करायचं ते मी सांगेन."

सर "बरं" म्हणाले. मुलीने त्यांना कुणापुढेही बरं म्हणताना पहिल्यांदाच ऐकलं.

संध्याकाळपर्यंत आकडे उतरले. हात चादरीवर गप्प पडला. मुलगी खुर्ची ओढून जवळ बसली. रागवायचं तिने ठरवलं होतं.

"अंगात जोर येईना, तर मला सांगायचं होतं ना."

"जोर कुणाला हवाय?" सर म्हणाले. "तुझी गोळी माझ्यावर चालते का, ते बघत होतो."

"आणि चालली असती तर?"

"तर तुझं ते लक्ष न लागणं माझ्याकडूनच आलंय, तुझा काही दोष नव्हता, हे नक्की झालं असतं." सरांनी चादरीची घडी सरळ केली. "पुराव्याशिवाय माफी कशी मागायची?"