हा शिपाई कुणाचा?

"काय गातायत रे हे?" कॅप्टन व्हेंटरनं विचारलं.

शिपाई झोलिलेनं गर्दीकडे पाहिलं. हुकूम स्पष्ट होता. अंत्ययात्रेत फक्त भजनं गायची. दुसरं काही कानावर आलं की अश्रुधूर, आणि शवपेटी पुन्हा शवागारात. पेटीत माम्बेलेबाईंचा शाळकरी मुलगा लुंगिसा होता. मोर्चात पोलिसांच्या गोळीनं गेलेला. पोर्ट एलिझाबेथबाहेरच्या काळ्यांच्या त्या वस्तीतून कब्रस्तान समोर दिसत होतं.

पुढची मुलगी सुरात विचारायची, "हा शिपाई कुणाचा?" गर्दी पाय आपटत जबाब द्यायची, "गोऱ्यांचा!" आणि झोलिलेकडेच बघायची. तो याच गल्ल्यांत वाढला होता. पोलिसाची वर्दी चढवल्यापासून इथं त्याला कुणी पाणीही विचारत नव्हतं.

गोऱ्या कॅप्टनला वस्तीतल्या खोसा भाषेचा गंधही नव्हता.

"भजन आहे, साहेब," झोलिले म्हणाला. "हा मुलगा कुणाचा, असं विचारतात. देवाचा, असं सांगतात."

"देवासाठी एवढे पाय आपटतात?"

"आमचा देव जरा लांब राहतो, साहेब."

कॅप्टन हसला नाही. त्यानं हात वर करून गाणं थांबवलं. "तूही चर्चला जातोस ना? मग तुला येत असेलच. म्हण. हे लोक साथ देतात का, बघू. नाही दिली, तर भजन नाही."

झोलिलेनं टोपी काढली. सूर नीट लागला.

"हा शिपाई कुणाचा?"

कुणीच तोंड उघडलं नाही. पुढच्या मुलीनं मान फिरवली. "घ्या! आता यालाच आठवेना," मागून कुणीतरी म्हणालं. दबकं हसू पसरलं. कॅप्टननं अश्रुधुरवाल्या शिपायांना पुढे यायची खूण केली.

माम्बेलेबाईंचा जन्म गोऱ्यांच्या घरची धुणीभांडी करण्यात गेला होता. त्यांची भाषा बाईंना चांगली कळायची. पेटीपाशी उभं राहून त्यांनी साहेबाचा प्रश्न ऐकला होता, आणि झोलिलेचं उत्तरही. त्यांनी त्याच्या वर्दीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग लेकाच्या पेटीवरचा हात न काढता त्यांनी सूर धरला.

"आमचा!"