एकही टाळी चुकीच्या जागी नाही

‘यंत्रमागांच्या शेडमधील कामगारांची श्रवणशक्ती अबाधित आहे,’ असे कंपनीच्या अहवालाचे पहिलेच वाक्य होते, आणि पुरावा म्हणून त्याला एक सिंफनी जोडलेली होती.

कंपनीने मोठ्या मनाने शहरातला नामांकित वाद्यवृंद वस्तीच्या सभागृहात आणला होता. कार्यक्रम मोफत. ज्यांनी बहिरेपणाची तक्रार केली होती, त्यांनाच प्रवेशपत्रिका मिळाल्या. मुलाबाळांना आणणे शिस्तीच्या दृष्टीने वर्ज्य होते. व्यवस्थापक भाषण करून पहिला सूर लागण्यापूर्वीच निघून गेले. संस्कृतीशी त्यांचा संबंध नेहमी उद्घाटनापुरताच असे. मग दारे लावली गेली. पुढचा वृत्तांत अहवालाने वृंदप्रमुखांच्या साक्षीवरून दिला होता : श्रोते शेवटपर्यंत मंत्रमुग्ध होते आणि एकही टाळी चुकीच्या जागी पडली नाही.

कंपनीचे डॉक्टर या शेवटच्या वाक्यावर भाळले होते.

“सिंफनीचे चार भाग असतात,” ते चौकशी समितीला म्हणाले. “दोन भागांच्या मध्ये शांतता असते, आणि तिथे टाळ्या वाजवायच्या नसतात. तिकीट काढून येणारे शहाणेही तिथे फसतात. ही माणसं फसली नाहीत. म्हणजे कान शाबूत आहेत. इतकंच नाही, तयारही आहेत.”

कामगारांच्या वकीलबाईंनी चष्मा पुसला.

“ज्याला संगीत ऐकू येत नाही, त्याला ते थांबलेलंही ऐकू येत नाही, डॉक्टर. तुम्ही ज्याला रसिकता म्हणताय, त्यालाच आम्ही बहिरेपणा म्हणतोय. टाळ्या पडल्या कधी? वृंदप्रमुख श्रोत्यांकडे वळून वाकले तेव्हा. ते बघायला डोळे पुरतात.”

युक्तिवाद निर्दोष होता. अध्यक्षांनी तो तितक्याच निर्दोष सौजन्याने बाजूला ठेवला आणि थोरलीला पुढे बोलावले.

शेडमध्ये सर्वांत जुनी म्हणून ती थोरली. तिची लेक शेजारी उभी राहून प्रत्येक प्रश्न पुन्हा उच्चारी, आणि आई तो तिच्या ओठांवरून वाचून घेई. तक्रार मान्य झाली, तर शेड बंद ठेवून माग बदलावे लागणार होते. फेटाळली गेली, तर सोमवारपासून लेकही त्याच मागांवर उभी राहणार होती.

“तुम्ही पहिल्या रांगेत होतात?”

“होते की!” थोरली एवढ्या मोठ्याने म्हणाली, की कारकून दचकला.

“ओरडू नका, बाई.”

“आई, हळू बोल.”

“हळू कसं बोलतात तेच विसरले गं.”

“ऐकू येत नव्हतं, तर टाळ्या का वाजवल्या?”

“शेजारणीनं वाजवल्या म्हणून. मला वाटलं, तिला येतंय ऐकू, मीच मेली तेवढी ठार बहिरी. बाहेर आल्यावर कळलं, तिलाही माझ्याबद्दल तेच वाटत होतं.”

समितीत जरा हशा पिकला.

“म्हणजे तुम्हाला काहीच जाणवलं नाही?”

“मंचाच्या फळीवर तळहात टेकून बसले होते. मागावर असंच कळतं आम्हाला, हातातून. पण फळी आपली गार. तो ढोलामागचा गृहस्थ हाणतोय, हाणतोय, घामानं निथळतोय, आणि फळी मढ्यासारखी गार.” थोरलीने तळहात उलटा करून पाहिला. “तेव्हा म्हटलं, संपलं. आता हातही बहिरे झाले.”

डॉक्टर उठून उभेच राहिले.

“ढोल हातभर अंतरावर, आणि फळी थरथरत नाही? जन्मजात बहिऱ्यालाही ते जाणवेल! अध्यक्षमहाराज, सोंग घेताना बाईंनी जरा जास्तच घेतलं.”

वकीलबाईंनी खाली मान घालून कागद सारखे केले.

साक्षीसाठी बोलावलेले वृंदप्रमुख इतका वेळ खिडकीबाहेर पाहत होते. थोरली त्यांच्याकडे वळली.

“काय हो साहेब, सुरुवातीलाच तुमची माणसं घाबरल्यासारखी एकमेकांकडे का बघत होती? आणि त्या दोन उंच काळ्या खोक्यांकडे?”

“वादकांनी एकमेकांच्या नजरेत असणं हा आमच्या कलेचा शिष्टाचार आहे,” ते अध्यक्षांना म्हणाले. थोरलीकडे त्यांनी पाहिले नाही. “मी एवढंच सांगेन. इतके शिस्तबद्ध श्रोते मी आयुष्यात पाहिले नाहीत.”

ते खरे बोलत असल्याचे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. अध्यक्षांनी आदराने मान डोलावली.

निकाल थोरलीच्या तळहातावर लागला. अशक्य गोष्ट सांगणारी साक्षीदार खोटी. तिच्यासारखेच सांगणारे इतरही खोटे. सगळ्या तक्रारी फेटाळण्यात आल्या.

सोमवारी लेक शेडमध्ये गेली. संध्याकाळी उंबऱ्यावर चपला काढता काढता ती दिवसभराचे सांगू लागली. थोरली नेहमीप्रमाणे तिच्या ओठांकडे पाहत होती. लेक ओरडून बोलत होती. थोरलीला ते कळायला काहीच मार्ग नव्हता.

पुढे वृंदप्रमुखांवरही चौकशी बसली. न्याय सर्वांना सारखा असतो. आरोप गंभीर होता. वाद्यवृंदाच्या मंडळाचे म्हणणे असे, की भाड्याने आणलेले दोन ध्वनिवर्धक त्यांनी बिघडवून परत केले. आपल्या नावाला बट्टा लागू नये म्हणून वृंदप्रमुखांनी आरोप ठामपणे नाकारला. त्यांचा जबाब शब्दशः असा :

“ध्वनिवर्धक आम्ही बिघडवले नाहीत. वस्तीतल्या कार्यक्रमात ते पहिल्याच मिनिटाला आपोआप बंद पडले. सगळी सिंफनी आधीच ध्वनिमुद्रित केलेली होती, ती त्यांच्यावरच वाजायची होती. खरे वादक आमच्यात चारच होते, बाकीच्यांना कोट चढवून बसवलं होतं. मग पाऊण तास आम्ही सगळ्यांनीच वाद्यांना न शिवता नुसते हात हलवले. एकही सूर वाजला नाही. कुणी उठून गेलं नाही, म्हणून आम्हीही थांबलो नाही.”