तिप्पण्णा

“आत्याबाई, तुमी हाक मारा. तुमची तरी ऐकतील.” रुद्राणीचा आवाज फाटला होता.

पार्वतम्मा खाटेजवळ ताठ बसून होत्या. खाटेवर त्यांचा मुलगा होता. नव्या लातूर जिल्ह्याचा नायब तहसीलदार, राजशेखर. आटलेल्या विहिरीच्या गावात लोक रोगाच्या धास्तीनं टँकरच्या पाण्याला हात लावीनात, तेव्हा त्याने सगळ्यांदेखत पहिला तांब्या स्वतःच्या तोंडाला लावला होता. आता पटकीने त्याचे डोळे खोल ओढले होते. डॉक्टर नाडी पाहून निघून गेले होते. दारात कचेरीची माणसं हात बांधून उभी होती.

“कोणत्या नावानं मारू?” पार्वतम्मांनी विचारलं.

सुनेने मान खाली घातली. “तुमी ठेवलेल्याच.”

त्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा जन्मला तेव्हा त्यांनी स्वतः त्याला तिप्प्यावर, गावच्या उकिरड्यावर, निजवून उचलून घेतलं आणि नाव ठेवलं तिप्पण्णा. मरण दाराशी आलंच, तर असलं नाव ऐकून तोंड फिरवून पुढे जाईल. ते गेलंही होतं. मुलगा वाढला, शिकला, हुद्द्यावर चढला आणि त्याने नाव बदलून घेतलं.

गेल्या दिवाळीत तो जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता.

“अव्वा, जुन्या इजिप्तच्या दरबारात एक अधिकारी होता. नावाचा अर्थ, सूर्याचा लाडका. राजावर उलटला, तर निवाड्यात त्याचं नावच फिरवून टाकलं. सूर्याला नकोसा. जन्माची शिक्षा. मी कुणावर उलटलो होतो, म्हणून तू मला ती पाळण्यातच दिलीस?”

“ते नाव माणसांसाठी नव्हतं रे. मरणानं ऐकावं म्हणून ठेवलं होतं.”

“मरण कुठं ऐकून राहिलंय? ऐकतात ती माणसं. तू हाक मारलीस की कचेरीत शिपायापासून सगळे हसतात. चारचौघांत ते नाव घेणार न्हाईस, असा शब्द दे.”

पार्वतम्मांनी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून शब्द दिला होता. तेव्हापासून त्यांनी त्याला कोणत्याच नावाने हाक मारली नव्हती. राजशेखर हे नाव त्यांच्या जिभेवर बसेना, आणि दिलेला शब्द मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. तो आजारी पडल्यापासून त्या खाटेशी अशाच मुक्या बसल्या होत्या.

आता त्यांनी हात लिंगावर नेला. मग काढून घेतला आणि उभ्या राहिल्या.

“तिप्पण्णा.”

शेताच्या बांधावरून मारावी तशी ती हाक होती. दारातल्या एका कारकुनाने शेजाऱ्याकडे पाहिलं.

“अरे तिप्पण्णा, उकिरड्यावरच्या पोरा, ऊठ.”

त्याचे डोळे उघडले. रुद्राणी खाटेवर वाकली. पण त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, आईकडेही नाही. त्याची नजर थेट दाराकडे गेली आणि त्या राखाडी चेहऱ्यावर ओशाळेपण पसरलं.

“अव्वा, हळू,” तो म्हणाला. “माणसं हायत.”

पार्वतम्मा दाराकडे वळल्या.

“बाहेर व्हा सगळे.”

चपला घासत सगळे मागे सरले. पार्वतम्मांनी दार लोटलं, कडी घातली, कडी बसल्याची खात्री केली. परत आल्या तेव्हा रुद्राणी त्याच्या छातीवर कपाळ टेकून पडली होती. नळीतलं सलाईन थेंबाथेंबाने उतरत होतं. छाती हलत नव्हती.

पार्वतम्मा पुन्हा आपल्या जागी बसल्या. पदर सारखा केला. त्याच्या कानाशी वाकल्या आणि त्याने सांगितलं होतं तशी, अगदी हळू, त्यांनी हाक मारली.